बडे बाबूंची धुई

डिंकाचा लाडू हातात आला की मी तो आधी फिरवून बघतो. घरातली पोरं हसतात. आजोबा लाडवावर काय शोधतात कोण जाणे, म्हणतात. मी स्टेशनाचं नाव शोधतो. ते नसतं, मग लाडू खातो. ही खोड मला बडे बाबूंमुळे लागली आणि ती मोडावी असं मला कधी वाटलं नाही.

बडे बाबू म्हणजे आमचे स्टेशनमास्तर. जालना आणि परतूर यांच्या मधल्या एका लहानशा स्टेशनावर मी त्यांच्या हाताखाली ‘छोटे बाबू’ म्हणून लागलो. स्टेशनाचं नाव मुद्दामच सांगत नाही. त्या नावाने आम्हाला पुरेसं छळलेलं आहे. तेव्हा निजामाचं राज्य. कचेरीचा कारभार उर्दूत, गाडीचे नियम इंग्रजीत आणि शिव्या मात्र मराठीत. बडे बाबूंना हे सगळंच उत्तम येई. धावडा गावच्या शेतकऱ्याच्या घरातला हा माणूस, भाऊ अजून तिथेच औत हाकत होते. आपला माणूस आगगाडी थांबवतो आणि सोडतो, याचा धावड्याला मोठा अभिमान होता. बडे बाबूंना तो नव्हता असं मुळीच नाही. गावी जाताना ऐन उन्हाळ्यातही ते रेल्वेचा काळा कोट घालून जात आणि घामाने निथळत, हसतमुखाने परत येत.

त्यांच्यापुढे ‘लेट’ हा शब्द काढायची सोय नव्हती. गाडी म्हणजे त्यांच्या लेखी पाहुणी. कुणी उतारू खिडकीशी येऊन विचारायचा, “बाबू, गाडी लेट हाये का?”

“लेट न्हाई. येऊन राह्यली.”

“कवा येईल पण?”

“येऊन राह्यली म्हनलं ना? घरी पाव्हणा येतो तवा त्याला लेट म्हनतो का तू?”

मग तो बिचारा लिंबाखाली जाऊन बसायचा आणि बडे बाबू रुळांकडे तोंड करून उभे राहायचे, जणू काही ते उभे राहिल्याने गाडी जरा भराभर पाय उचलणार होती. सिग्नलची तार ओढली की ते त्याच्या लोखंडी हाताशी बोलत, घंटा पुसताना घंटेशी बोलत. माझ्याशी सगळ्यात कमी बोलत, कारण मी उलट उत्तर देत असे.

सकाळची दाढी हा त्यांचा खरा कार्यक्रम. क्वार्टरच्या ओट्यावर आरसा टांगून ते गालाला साबण लावत आणि एका दमात मनमाडपासून सिकंदराबादपर्यंतची सगळी स्टेशनं म्हणत. मनमाडला उजवा गाल सुरू व्हायचा. परभणीला वस्तरा हनुवटीवर. सिकंदराबादला तोंड धुवायचं. एकही नाव इकडचं तिकडे होत नसे. मी चहा पिता पिता ऐकायचो आणि मनात म्हणायचो, देवाने या माणसाच्या डोक्यात मेंदूच्या जागी टाइमटेबलच ठेवलंय.

त्या वर्षी पाऊस सरता सरता हाडमोड्या तापाची साथ आली. घरटी एक माणूस तरी अंथरुणात. बडे बाबूही पडले. अंग असं दुखायचं की पांघरूण सरकवलं तरी ओरडत. पण ताप उतरला तसे ते उठले, कोट चढवला आणि ऑफिसात येऊन बसले. आम्हाला वाटलं, सुटलो.

पहिल्यांदा लक्षात आलं ते किरकोळच होतं. मला ते धाकट्या भावाच्या नावाने हाक मारू लागले. भर दुपारी कंदील लावला. आमचा रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला खंडू, जवळच्याच वस्तीवरचा धनगर, त्याला सिग्नल पाडायला सांगायचे आणि तो पाडून आला की पुन्हा सांगायचे. खंडू निमूट जाऊन पडलेल्या सिग्नलला हात लावून यायचा. मग एका सकाळी दाढी करताना ते जालन्यापर्यंत आले, पुढे एकदोन नावं घेतली आणि एकदम म्हणाले, “परतूर, सेलू...” आणि थांबले.

“मधलं एक राह्यलं,” ते म्हणाले.

मी ओट्यापाशीच होतो. नाव सांगितलं. ते आमच्याच स्टेशनाचं होतं.

वस्तरा हातात तसाच. अर्ध्या गालावर साबण. “मी कुठं बसलोय तेच मला सांगता यीना, छोटे बाबू,” ते म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी उरलेला गाल केलाच नाही.

या प्रकाराला त्यांनी ‘धुई’ असं नाव दिलं. हिवाळ्यात सकाळी रुळांवर धुई उतरते, सिग्नल आहे हे ठाऊक असतं पण दिसत नाही, तसं. शब्द हाये, बराबर तिथंच हाये, पण दिसत न्हाई, असं म्हणायचे. जालन्याच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, या तापानंतर काहींचं असं होतं, विश्रांती घ्या, वेळ जाऊ द्या. बडे बाबू संतापून परत आले.

“वेळ ही काय दवा हाये? वेळ आपण गाड्यांना देतो. मला काय देतो हा वेळ?”

विश्रांती घेणं तर शक्यच नव्हतं. रजा मागायची तर कारण सांगावं लागणार. डोकं चालत नाही असं सांगितलं की वरचे साहेब ‘बाद’ असा शिक्का मारून घरी बसवणार. मग क्वार्टर गेलं, कोट गेला, आणि ज्या धावड्यात आगगाडीचा साहेब म्हणून मिरवले तिथे भावांच्या औतामागे रिकाम्या हाताने उभं राहायचं. हे ते मला बोलले नाहीत. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी बोलल्या, तेही चुलीकडे तोंड करून.

तेव्हा बडे बाबूंनी दुसरी वाट धरली. धुई पोटातून चढते, असा त्यांनी शोध लावला. चुलीवरून धूर जातो तसा अन्नातला काहीतरी अंश डोक्यात जातो, फक्त कोणतं अन्न ते पकडायचं. पहिला संशय तुरीच्या डाळीवर. तूर बंद. जेवण झालं की ओट्यावर उभे राहून स्टेशनं म्हणायची. आमच्या स्टेशनापाशी गाडी अडली की तूर निर्दोष सुटायची आणि वांग्यावर खटला उभा राहायचा. मग अंबाडी. मग गूळ. मग कांदा. निर्दोष ठरलेल्यांनाही ते परत घरात घेत नसत, न जाणो दोघांनी मिळून केलं असेल म्हणून. वहिनींच्या हातात शेवटी ज्वारीची भाकरी, मुगाचं पाणी आणि मीठ एवढंच उरलं. मीठसुद्धा काही दिवस नजरकैदेत होतं.

यात माझा बळी गेला. “तुला ताप आला न्हाई,” ते मला म्हणाले. “तू महं माप. मी जे खाईन ते तू खायचं आन नावं म्हनायची. तुझी बराबर आली तर दोष अन्नात न्हाई.”

“मग दोष कुठंय?”

“ते मंग बघू.”

मी मुगाचं पाणी पिऊन मनमाड ते सिकंदराबाद म्हणत असे. माझी नावं बरोबर येत, त्यामुळे ते खूश होत आणि लगेच त्याच कारणाने खट्टू होत. रात्रीच्या जेवणाला मी खंडूच्या वस्तीवर पळून जाऊ लागलो.

बातमी रुळांवरून पसरली आणि सल्ले येऊ लागले. मालधक्क्यावरच्या कारकुनाने भिजवलेले बदाम सांगितले. खंडूने कानात मेंढीचं कोमट दूध सोडायला सांगितलं, ते त्यांनी सोडलंही, आणि दोन दिवस त्यांना उजव्या बाजूची शिट्टी ऐकू आली नाही. दुपारच्या गाडीचे ड्रायव्हर हुसेनमियाँ जालन्याहून पाया, म्हणजे बकऱ्याच्या पायांचा रस्सा, शिजवून आणत. “पिओ बडे बाबू, सर तक जाता ये.” बडे बाबूंनी डोळे मिटून प्यायला, वाट पाहिली आणि म्हणाले, “गुडघ्यापर्यंत आलाय मियाँ. डोकं लांब हाये अजून.”

शेवटी वहिनींचा बांध फुटला. त्यांनी कुणाला न विचारता डिंक तळला, खारीक कुटली, खोबरं भाजलं, भरपूर गूळ घातला आणि मोठे मोठे लाडू वळले.

“बाळंतिणीला देतेत हे,” त्या म्हणाल्या. “बाळंतिणीचं डोस्कं बी असंच धुईत असतंय. तिला कुनी मुगाचं पानी पाजत न्हाई. खा मुकाट्यानं, न्हाईतर मी धावड्याला चालले.”

बडे बाबूंनी गुळाची केस पुन्हा काढून पाहिली, पण वहिनींच्या चेहऱ्याकडे बघून मागे घेतली. लाडू खाल्ला आणि तो त्यांना फार आवडला. त्या दिवसापासून लाडवांचा पितळी डबा ऑफिसच्या टेबलावर आला, मशिनीच्या शेजारी.

या मशिनींबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे रूळ एकेरी. समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून ऑफिसात दोन मशिनी होत्या, एक जालन्याच्या बाजूची, एक परतूरच्या बाजूची. पुढच्या स्टेशनाने तारेवरून होकार दिला की त्या बाजूच्या मशिनीतून एक लोखंडी गोळा बाहेर पडायचा. त्याच्यावर स्टेशनांची नावं कोरलेली. तो चामड्याच्या पिशवीत घालून ड्रायव्हरला द्यायचा. पिशवीला वेताची मोठी कडी असे, म्हणजे हात घालून ती नीट उचलता येई. तो गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही. तो बाहेर असेपर्यंत त्या बाजूचा दुसरा गोळा निघत नसे. इतकी माणसं गाडीत निर्धास्त झोपायची ती त्या गोळ्याच्या भरवशावर. बडे बाबू तो कुणाच्या हातात देत नसत. स्वतः पिशवी भरायची, स्वतः इंजिनापर्यंत चालत जायचं.

त्या दुपारी परतूरचा होकार आला, गोळा निघाला, आणि तेवढ्यात एक बाई तिकिटासाठी खिडकीशी आली. बडे बाबूंनी तिकीट दिलं, पिशवी भरली, तोंड बांधलं, हुसेनमियाँच्या हातात दिली, मागे येऊन हिरवी झेंडी दाखवली. गार्डाने शिट्टी दिली. गाडी हलली नाही. पुन्हा झेंडी. पुन्हा शिट्टी. गाडी ढिम्म.

“हलत कामून न्हाई ही?” असं म्हणत बडे बाबू इंजिनाकडे निघाले आणि मी मागे. हुसेनमियाँ खिडकीतून वाकले होते. दोन बोटांत डिंकाचा लाडू धरून ते उजेडाकडे फिरवत होते.

“बडे बाबू,” ते गंभीरपणे म्हणाले, “इसपे टेशन का नाम नहीं लिखा.”

मी धावत ऑफिसात गेलो. पितळी डब्यात, लाडवांच्या मधे, लोखंडी गोळा शांतपणे बसला होता.

तो घेऊन आलो तेव्हा हुसेनमियाँच्या चेहऱ्यावरची थट्टा गेलेली होती. त्यांनी बडे बाबूंकडे पाहिलं होतं. बडे बाबू इंजिनाच्या दांडीला धरून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मियाँनी गोळा घेतला, नाव वाचलं आणि मग तो लाडू तोंडात घालून दोन घासांत संपवला.

“सबूत तो मैं खा गया, बडे बाबू. अब किसकू दिखाऊँ? भूल जाओ.”

गार्ड विचारत आला, गाडी का थांबली. खंडू पुढे झाला. “म्हैस आडवी आल्ती, साहेब.” गार्डाला म्हैस कुठे दिसेना. “गेली,” खंडू म्हणाला. गाडी सुटली.

संध्याकाळी बडे बाबू लिंबाखाली बसले होते. मी म्हणालो, काही बिघडलं नाही, गोळा मशिनीबाहेरच होता, समोरून गाडी येणंच शक्य नव्हतं. सगळे गप्प राहतील.

“आज लाडू गेला,” ते म्हणाले. “लाडू दिसतो तरी. उद्या ह्या बाजूचा गोळा त्या बाजूला गेला, आन ड्रायव्हरनं भरवशावर वाचलाच न्हाई, तर? मह्यावर भरवसा हाये ना त्यांचा. तेच तर वंगाळ हाये.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते जालन्याला गेले आणि वरच्या साहेबांना सगळं सांगून आले. वहिनी दिवसभर चुलीपाशी बसून होत्या, चूल मात्र पेटवलेली नव्हती.

साहेब ट्रॉलीवरून चौकशीला आले. प्लॅटफॉर्मवर खुर्ची मांडली. अशी चौकशी त्यांनी जन्मात केली नसेल. गुन्हेगार म्हणतोय मी गुन्हा केला आणि साक्षीदार म्हणतायत छे.

“कौनसा लड्डू, साब?” हुसेनमियाँ म्हणाले. “मैं मीठा खाताच नहीं.”

“म्हैस व्हती,” खंडू म्हणाला. “काळी.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बडे बाबूंकडे पाहिलं. ते एवढंच म्हणाले, “छोटे बाबू, खरं सांग.”

मी सांगितलं, लाडू होता. खंडू त्यानंतर पुष्कळ दिवस माझ्याशी बोलला नाही. बडे बाबूंनी मात्र मला घरी जेवायला बोलवायचं सोडून दिलं. मी न बोलावता यायचं, असं ठरलं.

साहेब चांगला माणूस होता. म्हणाला, स्टेशनांची नावं सुनाओ. बडे बाबू उभे राहिले. मनमाडपासून निघाले. औरंगाबाद गेलं, बदनापूर गेलं, जालना गेलं, आणि आमच्या दाराशी येऊन गाडी थांबली. साहेबांच्या खुर्चीच्या बरोबर मागे स्टेशनाची पाटी होती. उर्दूत, मराठीत, इंग्रजीत, हातभर मोठ्या अक्षरांत. बडे बाबूंनी फक्त नजर वर करायची होती. हुसेनमियाँ डोळ्यांनी खुणावत होते, खंडू तर पाटीकडे बोट दाखवण्याच्या बेतात होता. बडे बाबूंनी नजर खाली घातली ती वर केलीच नाही. आपल्या बुटांकडे बघत ते म्हणाले, “नहीं आता, साब.”

साहेबांनी मागे वळून पाटी पाहिली. मग बराच वेळ बडे बाबूंकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, उन्हाळा संपेपर्यंत आजारपणाची रजा. तोवर नाव आलं, पाटी न बघता आलं, तर कोट पुन्हा चढवा. नाही आलं तर घरी जा. बडे बाबूंनी तिथल्या तिथे कोट काढला आणि घडी करून माझ्या हातात दिला. मला फार रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

आता त्यांना करायला काही उरलं नव्हतं. पहिले काही दिवस ते क्वार्टरच्या दारातून गाड्या बघत आणि माझ्या चुका मोजत. मग तेही सुटलं. दुपारी लिंबाखाली गाढ झोपू लागले. वहिनींना शेंगा सोलून देऊ लागले. ताटात काय आलंय हे विचारणंही बंद झालं. तूर आली, वांगं आलं, अंबाडी आली, सगळे जुने आरोपी मुक्त होऊन घरी परतले. दाढी ते मुकाट्याने करत. हिवाळा गेला, शिमगा गेला, ऊन तापलं. उन्हाळा सरत आला तशा वहिनी भांडीकुंडी मोजून ठेवू लागल्या. कोट ऑफिसातल्या खुंटीवर होता. मी तो रोज झटकत असे, त्यापलीकडे माझ्या हातात काय होतं?

अशाच एका दुपारी गाडी येऊन उभी राहिली. बडे बाबू लिंबाखाली भाकरी खात बसले होते, भाकरीवर वांग्याची भाजी. समोरच्या डब्यातून एका म्हातारीने डोकं बाहेर काढलं. कडेवर गाठोडं, चेहऱ्यावर घाबरगुंडी.

“कोन्तं टेसन हाये रं बाबा?”

बडे बाबूंनी तोंडातल्या घासासकट नाव सांगितलं. “हेच हाये. उतर माय, जल्दी उतर.” आणि पुढचा घास मोडला.

तो घास तोंडापर्यंत गेलाच नाही. ते तसेच बसून राहिले. क्वार्टरच्या दारात वहिनी उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं होतं. सांध्यापाशी खंडूने ऐकलं होतं आणि त्याने हातातली झेंडी आभाळात फेकली, ती लाल होती की हिरवी हेही न बघता. बडे बाबूंनी नाव पुन्हा एकदा हळूच म्हणून पाहिलं. मग अलीकडचं म्हटलं, मग परतूर, मग सेलू. मग त्यांनी ताट खाली ठेवलं आणि ओक्साबोक्शी रडले. म्हातारी घाबरली. तिला वाटलं, आपण काही वाईट बातमी विचारली.

पुढे मी कितीदा त्यांना विचारलं, धुई कशाने गेली. लाडवांनी, वांग्याने की डॉक्टरांच्या त्या वेळेने? ते म्हणत, “पाव्हणी व्हती. गेली.”

साहेबांसमोर नावं म्हणून झाली आणि कामावर रुजू व्हायचा दिवस आला. वहिनींनी कोटाला इस्त्री केली होती. दुपारची गाडी आली. परतूरचा होकार आला, गोळा निघाला. बडे बाबूंनी त्यावरचं नाव मोठ्याने वाचलं, मला वाचायला लावलं, पिशवीत घातला आणि इंजिनापर्यंत चालत गेले. हुसेनमियाँनी पिशवी घेतली, उघडली, आत हात घातला. गोळा बाहेर काढून उजेडात फिरवला. त्यांचा चेहरा पडला.

“आज तो लोहे का निकला, बडे बाबू.”

गाडी समोर उभी असताना बडे बाबूंना हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हसत हसत त्यांनी डाव्या खिशातून कागदाची पुडी काढली. “ह्यो घ्या. ह्याच्यावर नाव न्हाई. तुमच्या वहिनीनं दिलाय.”

मियाँ लाडू संपेपर्यंत गाडी हलवेनात आणि बडे बाबू झेंडी दाखवेनात. गार्ड शिट्ट्या मारत होता. ऑफिसात तारेची घंटा खणखणली. परतूरवाले विचारत होते, गाडी लेट आहे का?

मी कळवलं, “लेट न्हाई. येऊन राह्यली.”